शेवाळ मोजायचे म्हणजे काय?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



हळदीकुंकू झाले, लहान मुलींची गाणी झाली, आणि आता एका निवृत्त शिक्षिकेचे चार शब्द ऐकण्याची पाळी आपल्यावर आली आहे. कार्यवाहबाईंनी मला विषय विचारला तेव्हा मी 'शेवाळ' असे सांगितले. त्यांनी घाईघाईत वहीत 'शेवया' असे लिहून घेतले! कार्यक्रमपत्रिकेत ती चूक दुरुस्त झाली खरी, पण काही भगिनी अजून शेवयांच्या आशेनेच बसल्या असाव्यात असे मला दिसते. त्यांची मी आधीच क्षमा मागते. मात्र शेवाळाचा आणि आपल्या स्वयंपाकघराचा संबंध शेवयांइतकाच जवळचा आहे, आणि तोच मला आज सांगायचा आहे.

हा विषय मी उगाच निवडलेला नाही. तीन वर्षांपूर्वीच्या चैत्रातील एक गोष्ट आपल्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक आहे. आपल्याच मंडळातील एका बहिणीच्या तीन शेळ्या एका दुपारी, दोन तासांच्या आत, पाय झाडून मेल्या. त्या सकाळी त्या शेळ्या मंडळातीलच दुसऱ्या एका बहिणीच्या शेततळ्यावर पाणी प्यायल्या होत्या. एकीच्या घरची कमाई गेली, दुसरीच्या माथी आळ आला. पाण्यात औषध कालवले, असे कोणी म्हणाले. शेळ्यांनीच कुठे ज्वारीचे कोवळे पोंगे खाल्ले असतील, असे दुसरे कोणी म्हणाले. आजतागायत त्या दोघी एकमेकींच्या दारात गेल्या नाहीत. दोघीही आज या मांडवात आहेत, आणि दोघींना विचारूनच मी ही गोष्ट सांगत आहे. नावे घेण्याचे कारण नाही.

या गोष्टीत दोषाचा एक वाटा माझाही आहे. त्या संध्याकाळी मला शेततळ्यावर नेण्यात आले. पाण्यावर काठाकाठाने हिरवट-निळी साय धरली होती; जणू कोणी रंगाचा डबा ओतला असावा. मी विज्ञानाची शिक्षिका. मी मोठ्या तोऱ्यात सांगितले, "शेवाळ आहे. शेवाळाने कुणी मरते का?" तरीही एका शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत थोडे पाणी भरून मी घरी आणले, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी नात्यातले लग्न निघाले. पाचव्या दिवशी मी ती बाटली घेऊन प्रयोगशाळेत गेले. तेथील गृहस्थांनी बाटली उजेडात धरली, झाकण उघडून वास घेतला आणि अगदी सौजन्याने म्हणाले, "बाई, हे पाणी आता तळ्याचे राहिलेले नाही, तुमच्या खिडकीचे झाले आहे."

भगिनींनो, त्या शेळ्या कशाने मेल्या हे आजही सांगता येत नाही, आणि यापुढेही सांगता येणार नाही. कारण त्या दिवशीचे पाणी कुणी मोजले नाही, आणि जिने मोजायला हवे होते ती मी. त्यानंतर मी या विषयाचा जो थोडाबहुत अभ्यास केला, तो विद्वत्तेच्या हौसेने नव्हे, मनाला लागून राहिलेल्या त्या बाटलीमुळे केला.

आता शेवाळ म्हणजे काय ते पाहू. मोरीतल्या दगडावर पाय घसरतो ते शेवाळ, हौदाच्या भिंतीवर हिरवा मखमली थर दिसतो तेही शेवाळ, आणि तळ्याचे सगळे पाणीच हिरवे दिसते तेव्हा त्यात तरंगणारे, डोळ्यांना सुटे न दिसणारे लक्षावधी कण हेही शेवाळच. त्याला मूळ नाही, खोड नाही, फूल नाही. पण उन्हात बसून आपले अन्न आपण शिजवण्याची कला आहे. ती ज्या द्रव्यामुळे साधते त्याला हरितद्रव्य म्हणतात. शेवाळ ही काही वाईट वस्तू नव्हे. मासोळीच्या पोटात जे जाते त्याचा आरंभ शेवाळातच असतो, आणि आपण श्वासात घेतो त्या प्राणवायूतला मोठा हिस्सा समुद्रातील शेवाळानेच दिलेला आहे. वाईट असते ती अति. घरात चार पाहुणे आले तर शोभा. चारशे आले तर पिठाचा डबाही उरत नाही.

माझ्या सासूबाई शाळेत गेल्या नव्हत्या. पण मी नवी सून म्हणून या घरात आले तेव्हा पाणवठ्यावर त्यांनी मला पहिला धडा दिला. त्या म्हणाल्या, "बाई, पान्याचं तोंड पाहू नको, त्याच्या काठाचं शेवाय पाह्य." दोऱ्यासारखे लांब, बोटावर गुंडाळता येणारे शेवाळ असले तर ते बाजूला सारून पाणी भरायचे; साय धरणारे, वास मारणारे शेवाळ असले तर त्या पाण्याला गुरेसुद्धा लावायची नाहीत, असा त्यांचा नियम होता. माझे दुर्दैव असे की, पुस्तके वाचल्यावर मी हा नियम विसरले. आणि अधिक पुस्तके वाचल्यावर कळले की, शास्त्रज्ञ आज हीच परीक्षा सांगतात. एक काठी पाण्यातून ओढावी. काठीला केसांसारखे धागे लोंबले तर ते बहुधा निरुपद्रवी हिरवे शेवाळ. काठीवर रंग चढल्यासारखा लेप बसला तर ते नीलहरित जातीचे असण्याचा संभव मोठा, आणि त्याच जातीतील काही प्रकार विष तयार करतात.

दुसरी परीक्षा बरणीची. पारदर्शक काचेच्या बरणीत पाऊण भाग पाणी भरावे, झाकण लावावे आणि रात्रभर न हलवता ठेवावे. सकाळी गाळ तळाशी बसलेला दिसला तर पाण्याचा रंग मातीचा होता. हिरवा थर वर, तोंडाशी येऊन तरंगू लागला तर नीलहरित शेवाळाचा संशय धरावा. कारण त्यांच्यातल्या पुष्कळांच्या अंगात हवेच्या सूक्ष्म पिशव्या असतात आणि ते बुचासारखे वर येतात. या दोन्ही परीक्षा संशय दाखवतात, निवाडा करीत नाहीत. निवाड्यासाठी मोजावेच लागते.

मोजण्याचे सर्वात सोपे साधन म्हणजे एक थाळी. १८६५ साली इटलीतील एक धर्मगुरू व खगोलशास्त्रज्ञ, अँजेलो सेक्की, पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात पांढऱ्या तबकड्या दोरीने सोडून त्या किती खोलीवर दिसेनाशा होतात ते पाहत होते. आकाशातील ताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या माणसाने पाण्याची पारदर्शकता मोजायला थाळी वापरावी, ही मला मोठी गोड गोष्ट वाटते. आज तळ्यांसाठी वापरतात ती तबकडी २० सेंटीमीटर व्यासाची असते. आपल्या न्याहारीच्या थाळीएवढी. तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन काळे व दोन पांढरे रंगवतात, खाली वजन बांधतात, आणि दोरीला दर १० सेंटीमीटरवर गाठ मारतात. दुपारच्या सुमारास, सावलीच्या बाजूने ती हळूहळू सोडायची. दिसेनाशी झाली ती खोली एक. वर ओढताना पुन्हा दिसली ती खोली दुसरी. दोहोंची सरासरी वहीत मांडायची. शेवाळ जितके दाट, तितका आकडा लहान. पावसाळ्यात मात्र गाळामुळेही थाळी लवकर दिसेनाशी होते, म्हणून त्या दिवसांत शेजारी बरणीची परीक्षा हवीच.

याहून नेमके माप प्रयोगशाळेत होते. मोजलेले पाणी काचतंतूच्या बारीक गाळणीतून गाळतात. हिरवा लेप गाळणीवर राहतो. तो ॲसिटोनमध्ये विरघळवतात आणि त्या हिरव्या अर्कातून प्रकाश सोडतात. जितके हरितद्रव्य अधिक, तितका तांबडा प्रकाश अधिक गिळला जातो, आणि त्यावरून एका लिटरमागे किती मायक्रोग्रॅम हरितद्रव्य आहे ते काढतात. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. युरोप-अमेरिकेतील तळ्यांच्या अभ्यासावरून १९८२ साली एक मापदंड ठरला : वर्षाची सरासरी अडीच मायक्रोग्रॅमच्या आत असेल तर तळे निर्मळ, ८ च्या वर गेली तर ते खत-सांडपाण्याने पोसलेले, आणि २५ च्या वर गेली तर तळ्याने हाय खाल्ली असे समजावे. थंड देशांतील हे आकडे आपल्या उन्हाच्या मुलखाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. तथापि दर पंधरवड्याला एकाच ठिकाणचे माप घेतले तर आपले तळे सुधारते आहे की बिघडते आहे हे कळायला परक्या आकड्यांची गरज नाही. आपलीच गेल्या वर्षीची वही आपला मापदंड होते.

तिसरा मार्ग सूक्ष्मदर्शकाचा. पाण्याच्या नमुन्यात आयोडीनचे द्रावण टाकले की शेवाळ मरून तळाशी बसते. मग एक मिलिलिटर मावेल अशा आखीव काचेच्या पेटीत ते घेऊन एकेक पेशी मोजतात. निवडलेले तांदूळ मोजण्याची चिकाटी जिच्या अंगी आहे तिला हे काम अवघड नाही. नुसती संख्या नव्हे, जातीही पाहतात. ज्या पाण्यात मैला जातो तिथे विशिष्ट शेवाळेच माजतात, असा अनुभव जगभर आहे. अमेरिकेतील पामर यांनी १९६९ साली अशा वीस कुळांना गुण देऊन एक कोष्टक तयार केले. युग्लिनाला ५, ऑसिलॅटोरियाला ५, क्लोरेलाला ३, असे गुण आहेत. नमुन्यात सापडलेल्या कुळांची बेरीज २० किंवा अधिक झाली तर पाण्यात मोठ्या प्रमाणावर घाण मिसळते आहे असे समजतात. परीक्षेत जास्त गुण मिळाल्याने नापास होण्याचा हा एकमेव प्रकार असावा!

ओढ्या-नाल्यांची रीत थोडी निराळी. वाहत्या पाण्यात तरंगणारे शेवाळ टिकत नाही. ते दगडांना धरून राहते. म्हणून ठरावीक मापाचा दगडाचा पृष्ठभाग जुन्या दात घासायच्या ब्रशाने खरवडून तो लेप बाटलीत घेतात. त्यात काचेसारखे कवच असलेली सूक्ष्म शेवाळे, ज्यांना डायटम म्हणतात, फार बोलकी असतात. ओढ्यात गेल्या काही आठवड्यांत काय काय वाहून गेले त्याची साक्ष ती देतात. पाण्याची रासायनिक तपासणी त्या क्षणाचे पाणी सांगते. दगडावरचे शेवाळ मागचा हिशेबही सांगते.

इथे मला एका स्त्रीचे नाव आदराने घेतले पाहिजे. एला गोन्साल्विस या मुंबईतील शैवालशास्त्रज्ञ. १९४६ साली त्यांनी आपल्या सहकाऱ्याबरोबर वांद्र्याच्या एका तळ्यातील शेवाळ ऋतूऋतूंप्रमाणे कसे पालटते यावर निबंध प्रसिद्ध केला. एकाच तळ्याच्या काठी पुन्हा पुन्हा जाऊन, तेच पाणी पुन्हा पुन्हा घेऊन पाहणे, हेच त्यातले मर्म. आपल्या विदर्भातील शेवाळांची नोंदही कामत यांनी १९७५ साली शोधनिबंधातून केली. आणि पाण्याच्या आरोग्याचा अभ्यास करणारी नागपूरची नीरी ही संस्था तर १९५८ पासून आपल्या शेजारीच आहे. तेव्हा हे शास्त्र साता समुद्रांपलीकडचे आहे असे मानू नये.

शेवाळ माजते कशाने? शेतकऱ्याच्या घरच्या बाईला हे सांगायला नको : खताने. नत्र आणि स्फुरद जसे कपाशीला, तसेच शेवाळालाही. कॅनडात १९७३ साली एका लांबट तळ्याच्या मधोमध पडदा ताणून त्याचे दोन भाग केले. दोन्ही भागांत नत्र आणि कर्ब सारखे टाकले. एका भागात मात्र स्फुरदही टाकले. काही आठवड्यांत स्फुरदाचा भाग हिरवागार झाला, दुसरा निवळशंख राहिला. विमानातून काढलेले ते चित्र पाहिले की खताच्या गोणीकडे पाहण्याची दृष्टी बदलते. आपल्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला संत्र्याच्या बागा आहेत, खाली कपाशी-सोयाबीन आहे. बांधावर सांडलेले डीएपी, गोठ्याचे धुवण, मोरीचे पाणी, साबणाचा फेस, हे सारे पहिल्या पावसात उताराने ज्या खड्ड्यात जाऊन बसते त्यालाच आपण तळे म्हणतो. वैशाखात पाणी आटते, ऊन तापते, वारा पडतो, आणि शेवाळाला सुगीचे दिवस येतात.

अशा तळ्यात आणखी एक प्रकार घडतो. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडते. रात्री मात्र तेही आपल्यासारखाच श्वास घेते आणि पाण्यातला प्राणवायू संपवते. म्हणून पहाटे मासे तोंड वर काढून तडफडताना दिसतात. सकाळी मेलेले मासे पाहून "रात्री कुणीतरी विष टाकले" असे म्हणण्याआधी हे लक्षात ठेवावे.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात तर शेवाळाचे जगप्रसिद्ध विद्यापीठच आहे. लोणारचे सरोवर! कमळजा देवीच्या दर्शनाला गेलेल्या भगिनींनी त्या पाण्याचा हिरवा रंग पाहिला असेल, खारट उग्र वासही घेतला असेल. उल्केच्या आघाताने काळ्या पाषाणात झालेला तो खड्डा. पाणी खारे आणि इतके अल्कधर्मी की त्यात साधे मासे-झाडे तग धरीत नाहीत. पण स्पिरुलिनाच्या जातीचे नीलहरित शेवाळ तिथे सुखाने नांदते, आणि हिरवा रंग त्याचाच. जून २०२० मध्ये एके दिवशी ते पाणी गुलाबी दिसू लागले. कोणी चमत्कार म्हटले, कोणी अरिष्ट म्हटले. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले. नमुने नीरीकडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे गेले. तपासात आढळले की, पाणी आटून खारटपणा वाढला होता आणि मिठात वाढणारे, अंगी तांबूस रंग असलेले अतिसूक्ष्म जीव माजले होते. पाऊस पडला, पाणी वाढले, रंग गेला. चमत्कारही नव्हता, अरिष्टही नव्हते. पण हे कळले ते बाटलीतले पाणी वेळेवर योग्य जागी पोहोचले म्हणून.

याच्या उलट अनुभव जानेवारी २०२५ मध्ये शेजारच्या शेगाव तालुक्याने घेतला. काही गावांत माणसांचे केस मुठीमुठीने गळू लागले. पहिला संशय पाण्यावर गेला. पुढे तपासात रक्तात सेलेनियम जास्त आढळले, आणि बोट गव्हाकडे गेले. तोवर बायाबापड्यांनी किती रात्री घाबरून काढल्या असतील, याचा हिशेब कोणत्याही अहवालात नाही. संशय हा असा पाहुणा आहे की, तो मोजमापाशिवाय घरातून निघत नाही.

आता स्वयंपाकघराकडे येऊ. आपण सर्वजणी समजतो की पाणी उकळले की सारे निर्धोक झाले. जंतूंच्या बाबतीत ते खरे आहे. शेवाळाच्या विषाच्या बाबतीत ते खरे नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतील टोलेडो शहरात चार-पाच लाख लोकांना सांगावे लागले की नळाचे पाणी पिऊ नका, आणि उकळूही नका. त्यांच्या सरोवरात नीलहरित शेवाळ माजले होते. उकळल्याने पेशी फुटतात, आतले विष पाण्यात उतरते, आणि वाफ जाऊन उरलेले पाणी अधिकच विषारी होते. जागतिक आरोग्य संघटनेने या विषांपैकी मुख्य अशा एकासाठी रोजच्या पिण्याच्या पाण्यात लिटरमागे एक मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचवली आहे. यावरून त्याची तीव्रता ध्यानात यावी. हीच गोष्ट मोरचुदाची. हिरवे तळे पाहून मोरचूद टाकण्याची युक्ती जुनी आहे. पण पिण्याच्या पाण्यात ती केली तर सगळे शेवाळ एकदम मरते आणि सगळे विष एकदम सुटते.

एक गोष्ट सांगताना माझा आवाज जड होतो. १९९६ साली ब्राझीलमधील कारुआरू गावी मूत्रपिंडाच्या रुग्णांचे रक्त यंत्राने शुद्ध करण्यासाठी जे पाणी वापरले, त्यात शेवाळाचे विष होते. पन्नासांहून अधिक रुग्ण दगावले. भगिनींनो, आपण पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातली माणसे. मूत्रपिंडाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेले माणूस ज्या घरात नाही असे घर आपल्यापैकी किती जणींच्या शेजारी आहे? माझ्याही घरातून एक माणूस त्याच दुखण्याने गेले. खारे पाणी जिभेला कळते, म्हणून आपण वानच्या धरणाच्या गोड्या पाण्याची वाट पाहतो. पण गोडे पाणी साठवले की त्यात शेवाळाची काळजी आलीच. आणि ते विष जिभेला कळत नाही.

मग आपल्या हाती काही नाहीच का? आहे. बांगलादेशातील ६५ खेड्यांत जुन्या साडीचे कापड अनेक पदरी करून पाणी गाळण्याचा प्रयोग झाला; त्याचा अहवाल २००३ साली प्रसिद्ध झाला. पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने उतरले. पटकीचे जंतू शेवाळावर जगणाऱ्या बारीक जलकीटकांना चिकटून असतात. कीटक कापडात अडकले, त्यांच्यासवे जंतूही अडकले. आजीची जुनी नऊवारी शास्त्रज्ञांच्या प्रबंधात गेली! मात्र कापड विष अडवीत नाही, हेही त्याच दमात सांगते. टाकीला झाकण हवे, कारण अंधारात शेवाळ वाढत नाही. टाकी ठरल्या दिवशी घासावी. तळ्याच्या काठी खताची गोणी धुऊ नये. पाण्यावर साय दिसली तर मुले आणि जनावरे दूर ठेवावीत, आणि जनावर दगावलेच तर भांडणाआधी पशुवैद्याला बोलवावे.

आणि नमुना घ्यायचा असेल तर माझ्यासारखा घेऊ नका. हातात रबरी मोजे घालावेत. स्वच्छ बाटली त्याच पाण्याने विसळावी, भरावी, त्यावर जागा, तारीख आणि वेळ लिहावी, काळ्या कापडात गुंडाळून बर्फात ठेवावी, आणि शक्य तर त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी पोहोचवावी. लग्न कोणाचेही असो!

आता माझी विनंती. या वर्षी मंडळाने एक वही घालावी. तीन जागा धराव्यात : गावाबाहेरचे तळे, नाल्याचा एक डोह आणि एक शेततळे. दर पंधरवड्याला थाळी सोडावी, बरणी भरावी, रंग, वास आणि खोली लिहावी. खर्च म्हणाल तर रंगाचा एक लहान डबा आणि दहा हात दोरी. थाळी मी रंगवून आणली आहे. ती या टेबलाखाली आहे. वही वर्षभर चालली की जेव्हा काही वेगळे दिसेल, तेव्हा प्रयोगशाळेला "पाणी हिरवे आहे" एवढेच सांगावे लागणार नाही. "गेल्या पंधरवड्यात नऊ गाठी दिसत होती, आज तीन दिसते," असे सांगता येईल. अशा बाईचे म्हणणे ऐकावे लागते.

शेततळ्यासाठी ज्यांनी जागा देऊ केली आहे, त्या त्याच बहिणी आहेत ज्यांच्यावर तीन वर्षांपूर्वी आळ आला होता. त्या मला एवढेच म्हणाल्या, "बाई, मोजा. जे असेल ते लिहा." मला वाटते, निर्दोष माणसालाच असे बोलता येते असे नाही, खरे काय ते ज्याला जाणून घ्यायचे आहे त्यालाही असे बोलता येते.

एक अट मात्र आहे. शेततळ्याचा प्लास्टिकचा उतार फार निसरडा असतो. पडलेल्या माणसाला आपणहून वर येता येत नाही. म्हणून तिथे एकटीने जायचे नाही. एकीने दोरी धरायची, दुसरीने पदर खोचून काठावर भक्कम उभे राहून वही धरायची आणि पहिलीवर नजर ठेवायची. पहिली बहीण तर ठरली. दुसरी कोण, हे मी सुचवणार नाही. ज्यांच्या शेळ्या गेल्या त्यांचे नुकसान मी भरून देऊ शकले नाही, आणि त्यांनी मागचे विसरावे असे सांगण्याचा मला अधिकार नाही. एवढेच कळवते की, उद्या दुपारी बारा वाजता मी थाळी घेऊन त्या बांधावर उभी असेन. ज्यांना यावेसे वाटेल त्यांनी यावे.